पहिला नांगर विकायला लागली दोन वर्षं

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आणि मराठीत एवढं मोठं काही लिहायची ही पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. पण ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे, त्यांची गोष्ट मराठीतच सांगितली पाहिजे असं वाटलं, म्हणून हे धाडस.

गोष्ट सुरू होते आमच्या थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टपासून. आमच्या चौघांच्या ग्रुपने सौर ऊर्जेवर चालणारा फवारणी पंप बनवला. १६ लिटरची टाकी, १२ व्होल्टची बॅटरी, छोटा डायफ्रॅम पंप आणि डोक्यावर छत्रीसारखं धरलेलं २० वॅटचं सोलर पॅनेल. हाताने सारखा दांडा हलवायला नको, पेट्रोल नको, धूर नको. वर्कशॉपमध्ये पंप झकास चालला. व्हायवाला एक्सटर्नलनी बटण दाबलं, नोझलमधून फवारा उडाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला मार्कही चांगले पडले. आम्ही स्वतःला शास्त्रज्ञ समजायला लागलो होतो!

सुट्टीत मी तो पंप मामाच्या गावी घेऊन गेले. मामाचं गाव सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात. जमीन दीड एकर, त्यात वांगी आणि टोमॅटो. मामाने एक सकाळ आमचा पंप पाठीवर घेऊन औषध मारलं, शांतपणे उतरवला, धुतला आणि गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पाहते तर पाठीवर त्याचा तोच जुना हाताचा पंप. मला भयंकर राग आला. हे लोक कधी सुधारणार नाहीत, असं मी मामीला म्हणालेसुद्धा. मामी काही बोलली नाही, नुसती हसली.

परतीच्या वाटेवर गाडी पकडायला किर्लोस्करवाडी स्टेशनवर बसले होते. गाडी लेट. समोर पिवळी पाटी. लहानपणापासून ही पाटी बघत आले, मामाच्या विहिरीवरच्या पंपावरही हेच नाव बघत आले. पण ज्यांच्या नावाची ही वाडी, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर नक्की कोण होते हे मला मेकॅनिकलची विद्यार्थिनी असूनही धड माहीत नव्हतं. कारखानदार होते, श्रीमंत होते, इतकंच. कॉलेजला आल्यावर लायब्ररीत बसून वाचायला लागले आणि पहिल्याच दिवशी एका वाक्याशी अडखळले. त्यांचा पहिला लोखंडी नांगर विकला जायला दोन वर्षं लागली होती. आणि मी एका सकाळीत मामावर चिडले होते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. संगीत नाटकांचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. अशा घरातल्या मुलाने शिकून नोकरी धरावी अशीच अपेक्षा असणार. पण लक्ष्मणचं लक्ष पुस्तकात कमी आणि दोन गोष्टींत जास्त. एक चित्रं काढणं आणि दुसरं यंत्रांशी खेळणं. शेवटी वडिलांच्या मनाविरुद्ध, पण थोरले भाऊ रामुअण्णा आणि वासुदेवराव यांच्या आधाराने, १८८५ साली ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला दाखल झाले.

आणि तिथे नशिबाने पहिला दणका दिला. लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखता येत नसत. रंगांधळेपणा! चित्रकार व्हायला घर सोडून आलेल्या मुलाला रंगच दिसू नयेत, याहून वाईट काय असू शकतं? आमच्यापैकी कोणी असता तर डिप्रेशनमध्ये गेला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले. यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाहीत, अचूक हात आणि नजर लागते. ती दोन्ही त्यांच्याकडे होती. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपण ज्याला व्हीजेटीआय म्हणतो तिथे, ते मेकॅनिकल ड्रॉइंगचे शिक्षक झाले. फर्स्ट इयरला ड्रॉइंगच्या शीटांनी रडवलेल्या माझ्यासारख्यांना हे वाचून गंमत वाटेल. एवढा मोठा कारखानदार मुळात आपल्या ईडीच्या सरांसारखा होता!

पण हे सर नुसते फळ्यावर शिकवणारे नव्हते. व्हीजेटीआय तेव्हा भायखळ्याला होती. तिथल्या वर्कशॉपमध्ये ते स्वतः हात काळे करत, परदेशी यांत्रिक मासिकं वाचत, यंत्रं उघडून पाहत. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची कुठलीही डिग्री नव्हती. जे आलं ते बघून, वाचून आणि करून आलं.

याच काळात मुंबईत त्यांना सायकल दिसली. सायकल म्हणजे तेव्हा मोठी नवलाईची वस्तू. लक्ष्मणराव स्वतः चालवायला शिकले आणि रामुअण्णांच्या मदतीने बेळगावला सायकलींचं दुकान निघालं. दुकानाचं नाव किर्लोस्कर ब्रदर्स. साल १८८८. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ आजही याच सालापासून धरतात. मला यातली एक गोष्ट फार आवडली. या दुकानात सायकल विकली जायची, दुरुस्त व्हायची आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवली जायची. ज्या वस्तूवर बसायचं कसं हेच लोकांना माहीत नाही, ती नुसती दुकानात मांडून कोण घेणार? विकणं आणि शिकवणं ही दोन कामं वेगळी नाहीत, हे लक्ष्मणरावांना तेव्हाच कळलेलं दिसतं.

व्हीजेटीआयमध्ये पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. इंग्रजांचं राज्य होतं, तक्रार करायची कुणाकडे? लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला निघून आले. हातची सरकारी थाटाची नोकरी सोडून खेड्यापाड्यांच्या मुलखात काय करणार, हा प्रश्न नातेवाइकांनी नक्कीच विचारला असेल. आजही प्लेसमेंट सोडून कोणी गावी निघाला तर आपण हेच विचारतो.

बेळगावला त्यांनी छोटा कारखाना टाकला. कारखाना म्हणायचं, पण होतं ते एक लहानसं वर्कशॉपच. तिथे त्यांनी पहिल्यांदा शेतकऱ्याकडे पाहिलं. सुरुवात केली ती कडबा कापायच्या यंत्राने. अख्खा कडबा जनावरापुढे टाकला की ते पाला-पाला खातं आणि जाड बुडखे तुडवून टाकतं. तोच बारीक कापून दिला की वाया जात नाही. साधं यंत्र, एक चाक आणि त्याला पाती. पण दुष्काळी मुलखात वैरण वाचवणं म्हणजे जनावर वाचवणं.

आणि मग १९०३ साली आला लोखंडी नांगर.

इथे जरा थांबून नांगराबद्दल सांगायला हवं, कारण आपल्यापैकी निम्म्या लोकांनी नांगर फक्त चित्रात पाहिला असेल. मीही त्यातलीच. तेव्हाचा देशी नांगर लाकडाचा, बहुतेक बाभळीचा. त्याच्या टोकाला तेवढा लोखंडी फाळ. तो जमीन चिरत जातो, पण उलटी करत नाही. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे एक वळवलेला पत्रा असतो. फाळाने कापलेली माती त्या पत्र्यावर चढते आणि बाजूला पालथी पडते. खालची माती वर येते, तिला ऊन लागतं, आणि हरळी-कुंद्यासारख्या चिवट तणांची मुळं उघडी पडून वाळतात. काळ्या रानात हरळी म्हणजे काय शिक्षा असते हे मामीला विचारावं. हरळी खणून खणून हात सोलून निघतात.

म्हणजे यंत्र चांगलं होतं, उपयोगाचं होतं. विलायती नांगर बाजारात येतच होते, मग इथे बनवलेला नांगर हातोहात खपायला हवा होता. पण तसं घडलं नाही. लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. बनवलेले नांगर तसेच पडून राहिले. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तेव्हा कुठे पहिला नांगर विकला गेला.

हे वाचल्यावर मला पहिल्यांदा हसू आलं. लोखंडाने कधी विष होतं का? पण नंतर विचार केला तेव्हा हसू गेलं. लाकडी नांगर गावचा सुतार करून द्यायचा. त्याचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपात, बलुतं म्हणून. मोडला तर तोच सुतार संध्याकाळपर्यंत नीट करून देई. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजायचे, आणि ऐन पेरणीच्या तोंडावर मोडला तर? दुरुस्त कोण करणार? बेळगाव कुठे, आपलं गाव कुठे! शेतकऱ्याकडे वर्षातून एकच पाऊस, एकच हंगाम. आपलं प्रोजेक्ट बिघडलं तर पुढच्या सेमिस्टरला पुन्हा सबमिट करता येतं, त्याचं पीक पुन्हा सबमिट होत नाही. मला वाटतं, विष ही समजूत वरवरची होती. आत होती ती भीती, आणि ती भीती खोटी नव्हती.

लक्ष्मणरावांनी त्या दोन वर्षांत नांगर सोडून दुसरा धंदा धरला असता तर त्यांना कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी तो सोडला नाही. हळूहळू एकाच्या रानातली नांगरट दुसऱ्याने पाहिली, आणि गाडं पुढे सरकलं.

जरा बरे दिवस येतात न येतात तोच दुसरं संकट. बेळगावचा कारखाना ज्या जागेवर होता, तिथे नवी वसाहत करायचं ठरलं आणि १९१० च्या सुरुवातीला लक्ष्मणरावांना जागा सोडावी लागली. चाळिशी उलटलेला माणूस, बायको-मुलं, यंत्रं, भट्टी, कामगार, आणि जायला ठिकाण नाही.

या वेळी धावून आले औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा देशभर प्रसार करणारे हेच ते राजे. ते स्वतः चित्रकार होते. रंग सोडाव्या लागलेल्या माणसाच्या मदतीला शेवटी एक चित्रकारच आला, हा योगायोग मला फार गोड वाटतो. त्यांनी लक्ष्मणरावांना संस्थानात बोलावलं, कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले.

आता ३२ एकर म्हटल्यावर हिरवीगार जमीन डोळ्यांपुढे आणू नका. तो होता नुसता माळ. निवडुंगाचं रान आणि त्यात नाग. पाणी नाही, झाड नाही, घर नाही. एकच गोष्ट जमेची होती, ती म्हणजे रेल्वे. लोखंड आणि कोळसा गाडीने येईल आणि तयार नांगर गाडीने जातील. १० मार्च १९१० ला, ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी, लक्ष्मणरावांनी तिथे तळ टाकला. बरोबर २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं. पत्नी राधाबाई लहान मुलांना घेऊन त्या माळावर राहायला आल्या. थोरला मुलगा शंतनू तेव्हा सात वर्षांचासुद्धा नव्हता. योगायोग म्हणजे तो जन्मला १९०३ साली, नांगराच्याच वर्षी. निवडुंग तोडून त्या जागी लक्ष्मणरावांनी झाडं लावली, गुलाब लावले. पुढे शंतनुरावांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला 'कॅक्टस अँड रोझेस' हे नाव दिलं, ते याच आठवणीवरून.

किर्लोस्करवाडीची माणसं हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. गावाची व्यवस्था पाहायला थोरले बंधू रामुअण्णा. यंत्रांचं काम शंभुराव जांभेकरांकडे, हे स्वतः शिकून इंजिनिअर झालेले. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण डोक्यात सतत नव्या कल्पना. हिशेबाला मंगेशराव रेगे, आणि जोडीला के. के. कुलकर्णी. एकाच्याही नावापुढे बी.ई. नाही! लक्ष्मणराव माणसाचा कागद बघत नसत, हात बघत. रात्रीच्या पहाऱ्याला त्यांनी तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या दोघांना नेमलं. दोघंही पूर्वी दरोडेखोर म्हणून ओळखले जाणारे. ज्यांच्या भीतीने लोक दारं लावून घेत, त्यांच्याच हाती वाडीच्या किल्ल्या! आणि त्यांनी तो विश्वास राखला. लक्ष्मणराव अस्पृश्यता मानत नसत आणि आपल्या वाडीत ती चालूही देत नसत. शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यात हे बोलायला नाही, तर करून दाखवायला किती छाती लागत असेल याची कल्पना करा.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशातून येणारं लोखंड आणि कोळसा यांची टंचाई सुरू झाली. तसे विलायती नांगरही येईनासे झाले. म्हणजे मागणी दारात उभी आणि माल बनवायला सामान नाही. या ओढाताणीतूनही वाडीने वाट काढली, आणि किर्लोस्कर नांगराने शेतकऱ्यांच्या रानात कायमची जागा मिळवली. नांगराबरोबर उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, हातपंप अशी शेतीच्या कामाची एकेक वस्तू तयार होऊ लागली. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली.

त्याच १९२० साली आणखी एक गोष्ट सुरू झाली आणि ती आपल्या या वार्षिक अंकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी कारखान्यातून एक छोटं पत्रक काढलं, 'किर्लोस्कर खबर'. हेतू साधा होता. मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायची. पण त्यात हळूहळू गोष्टी आल्या, लेख आले, विचार आले. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० ला 'स्त्री' आणि १९३४ ला 'मनोहर' निघालं. माझ्या आजीच्या ट्रंकेत 'स्त्री'चे जुने अंक अजून आहेत. नांगराच्या कारखान्यातून निघालेली मासिकं मराठी घराघरांतल्या बायका वाचत होत्या, हे मला आत्ता कळतंय! इंजिनिअरने वस्तू बनवली की काम संपलं असं नाही, ती कशासाठी आणि कशी हे लोकांना त्यांच्या भाषेत सांगावं लागतं. मी हा लेख मराठीत लिहायला घेतला त्याचं खरं कारण हेच.

१९२६ साल पुन्हा महत्त्वाचं. त्या वर्षी किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. त्याच वर्षी शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमधून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडले आणि पुढे वडिलांच्या कारखान्यात कामाला लागले. डिग्री नसलेल्या बापाचा हा मुलगा. पाठोपाठ इंजिनं आली, लेथ आले. १९४१ साली हरिहरला मशीन टूल्सचा कारखाना उभा राहिला. १९४६ साली बंगलोरला विजेच्या मोटारींचा आणि पुण्याला ऑइल इंजिनांचा. विहिरीतलं पाणी मोटेने काढण्यात ज्या शेतकऱ्याचा आणि त्याच्या बैलांचा दिवस जायचा, त्याच्या विहिरीवर पंप बसला. या वेळी मात्र पंपामुळे पाण्याला विष चढेल, असं कोणी म्हटल्याचं मला कुठे वाचायला मिळालं नाही. नांगराने मिळवलेला विश्वास पंपाच्या कामी आला असणार.

मोठ्या माणसांच्या चरित्रात शेवट गोड असतो, पण लक्ष्मणरावांचा शेवटचा काळ तसा सोपा नव्हता. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. ३८ वर्षांपूर्वी निवडुंग तोडून जे उभं केलं, ते डोळ्यांदेखत जळालं. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. त्या वयात माणूस खचून गेला असता. पण कारखाना पुन्हा उभा राहिला, भट्ट्या पुन्हा पेटल्या. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. २० जून १९६९ ला, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

तर मित्रहो, ही झाली लक्ष्मणरावांची गोष्ट. पण हे सगळं वाचल्यावर मला चैन पडेना. मी पुन्हा मामाकडे गेले. या वेळी पंप दाखवायला नाही, तर विचारायला. विचारल्याबरोबर मामाने सगळं सांगितलं. पहिल्यांदा का नाही सांगितलं, म्हटलं, तर तू विचारलंच नव्हतंस असं तो म्हणाला. मी काय बोलणार?

त्याचं म्हणणं ऐका. नुसत्या पाण्याचंच वजन १६ किलो. त्यावर आमची बॅटरी, फ्रेम आणि पॅनेल मिळून आणखी सहा-सात किलो. आमचे पट्टे अरुंद, ते खांद्यात रुततात. वाऱ्याची झुळूक आली की पॅनेल शिडासारखं ओढतं आणि माणूस वाफ्यात पडतो. आणि सगळ्यात मोठी चूक तर आम्हा चार भावी इंजिनिअरांपैकी एकाच्याही लक्षात आली नव्हती. औषध भर उन्हात मारत नाहीत! सकाळी लवकर मारतात, नाहीतर उन्हं उतरल्यावर, म्हणजे ते वाळून आणि वाऱ्याने उडून जात नाही. त्या वेळी सूर्य खाली असतो आणि २० वॅटचं पॅनेल त्याच्या निम्मीसुद्धा वीज देत नाही. म्हणजे ज्या वेळी पॅनेलचा काही उपयोग नाही, त्याच वेळी ते मामाच्या पाठीवर. आणि ज्या वेळी ऊन रणरणतं, त्या वेळी ते गोठ्याच्या अंधारात. आम्ही वर्कशॉपच्या दाराशी दुपारी बारा वाजता टेस्टिंग केलं होतं. रीडिंग अर्थातच मस्त आली होती!

तर आता आम्ही पॅनेल मामाच्या गोठ्याच्या पत्र्यावर बसवलं आहे. दिवसभर तिथे बॅटरी चार्ज होते. हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट आणि ८ अँपिअर-अवर म्हणजे ९६ वॅट-अवर, चांगल्या उन्हात पाच-सहा तासांचं काम. पाठीवर फक्त टाकी, मोटर आणि बॅटरी. पट्टे रुंद केले, आत जाड स्पंज घातला. मामाच्या सांगण्यावरून हाताचा दांडाही परत बसवला, म्हणजे मध्येच बॅटरी संपली तर अर्ध्या वाफ्यात अडकायला नको. वायर आणि स्विच गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात तेच वापरले. ही शेवटची कल्पना मला त्या गावच्या सुताराची आठवण होऊन सुचली. जे गावात दुरुस्त होत नाही ते गावात टिकत नाही.

मामा आता आमचा पंप वापरतो. रोज नाही. कधी आमचा, कधी त्याचा जुना. मागच्या आठवड्यात फोनवर सांगत होता, की शेजारच्या रानातले काका दोनदा येऊन बघून गेले, हातात धरून वजन करून गेले. घेतो म्हणाले नाहीत.

काही हरकत नाही. पूर्वी मला याचा राग आला असता, आता येत नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आपण स्ट्रेस काढतो, टॉर्क काढतो, एफिशियन्सी काढतो. शेतकऱ्याच्या मनातली शंका कशी काढायची, याचा पेपर आपल्याला नसतो. लक्ष्मणराव तो पेपर दोन वर्षं सोडवत बसले होते, आणि पास झाले. आमचं डिग्रीचं अजून एक वर्ष बाकी आहे, आणि शेजारचे काका अजून नुसते बघून जातायत. बघूया.